एका चाबीचं कुलूप

हरभऱ्याला ओलित द्यायला रात्री वावरात गेलो, मोटार सुरू करायला वाकलो आणि खिशातला मोबाईल विहिरीत गेला. दुसऱ्या दिवशी हिंगणघाटहून नवा मोबाईल आणला, जुन्याच नंबरचं सिम काढलं. फोन वाजायला लागला तेव्हा वाटलं, संपलं एकदाचं. मग सहा आकडी कोड देणारं ते ऑथेंटिकेटर ॲप नव्या मोबाईलवर उतरवून उघडलं. आत एकही खातं नव्हतं. ॲप मलाच विचारत होतं, पहिलं खातं जोडायचं का?

मी समुद्रपुरात जिनिंगवाल्यांची आणि छोट्या व्यापाऱ्यांची जीएसटीची कामं करतो. सगळा पत्रव्यवहार ईमेलवर, आणि त्या ईमेलला पासवर्डनंतरचं दुसरं कुलूप याच ॲपचं. शेअरच्या खात्यालाही तेच. पासवर्ड सगळे तोंडपाठ होते, पण दुसरी पायरी विहिरीच्या तळाशी.

दिवाळीला ताई पुण्याहून आलेली होती. चुलत बहीण, सॉफ्टवेअर कंपनीत सुरक्षेचं काम पाहते. काकाजी, म्हणजे तिचे वडील नव्हेत, आम्हां दोघांचेही धाकटे काका, बँकेतून हेड कॅशियर म्हणून निवृत्त झालेले. दोघांच्या मध्ये मी तोंड पाडून बसलो होतो. त्या संध्याकाळी अंगणात जे बोलणं झालं, ते आठवेल तसं लिहून काढतो आहे.

काकाजी : नवं सिम आलं ना रे? नंबर तोच ना? मग कोड कायले नाही येऊन राहिले?

ताई : काकाजी, हे कोड नंबरावर येतच नाहीत. एसएमएसचा ओटीपी बँक पाठवते, तो सिमवर येतो. या ॲपमधला कोड कुणी पाठवत नाही, तो मोबाईलमध्येच तयार होतो. रेंज नसली, इंटरनेट नसलं तरी होतो.

काकाजी : कोणी पाठवत नाही, मग समोरच्याले कसं कळते का हाच कोड खरा?

ताई : आपल्या घरी आणि आत्याच्या घरी पंचांग एकच असेल, तर आजची तिथी कोणती हे विचारायला फोन करावा लागतो का? इकडे पाहा, तिकडे पाहा, सारखीच येते. तसंच आहे हे. खातं जोडताना तो चौकोनी क्यूआर कोड स्कॅन करतो ना, त्यात एक गुप्त अक्षरमाळ असते. एक प्रत त्यांच्याकडे राहते, एक आपल्या मोबाईलमध्ये येते. घड्याळ दोघांकडे असतंच. १ जानेवारी १९७० पासून तीस-तीस सेकंदांचे किती टप्पे गेले ते मोजायचं, तो आकडा आणि ती अक्षरमाळ यांचं एक ठरलेलं गणित करायचं, शेवटी सहा आकडे उरतात. दोन्हीकडे तेच. २०११ साली ही पद्धत आरएफसी ६२३८ या नावानं जाहीर झाली, म्हणून वेगवेगळ्या कंपन्यांची ॲप एकमेकांच्या जागी चालतात.

काकाजी : म्हणजे याचं पंचांगच विहिरीत पडलं म्हण ना.

ताई : अगदी तसंच. आणि मोबाईलचं घड्याळ मागं-पुढं झालं तरी कोड चुकतो, कारण तिथी चुकते.

काकाजी : मग दुसरी प्रत कुठं आहे?

ताई काही बोलली नाही. माझ्याकडे पाहिलं. मीही काही बोललो नाही.

काकाजी : नाही ठेवली? बाप्पा! अरे, गिरडच्या टेकडीवर ते गोटे पाहिले ना तू? लोक सांगतात, व्यापाऱ्यांनी शेख फरीदबाबाची टिंगल केली, अन् त्याइचा सारा माल दगड होऊन गेला. नारळ दिसते नारळासारखा, पण फोडता येत नाही. तुह्या खात्याचं तसंच झालं. आहे डोळ्यासमोर, कामाचं नाही.

मी : काकाजी, एसएमएसनं कोड यायची सोय होती आधी. ती ताईनंच काढायला लावली.

आता काकाजींनी खुर्ची तिच्याकडे वळवली.

ताई : लावली, आणि आजही लावेन. खोटी कागदपत्रं दाखवून दुसऱ्याच्या नावाचं सिम काढून घेणारे चोर आहेत. सिम त्यांच्या हातात गेलं की ओटीपीही त्यांच्याच हातात. म्हणून तर सिम बदललं की पहिले चोवीस तास एसएमएस बंद ठेवतात, आणि १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही. ईमेल ही सगळ्या खात्यांची आई आहे. तिच्या दाराला एसएमएसची कडी नको.

काकाजी : कडी नको, कबूल. पण तू जुनी कडी काढली अन् नव्या कुलपाची एकच चाबी पोराच्या हातात देऊन पुण्याले निघून गेली. याले सुरक्षा म्हणतात?

ताई : जास्त प्रती म्हणजे जास्त दारं. गुपिताची प्रत काढली की ते अर्धं फुटलंच.

काकाजी : मी सदतीस वर्षं चाब्या सांभाळल्या, बाई. एवढ्या वर्षांत आमच्या शाखेत लॉकर फोडणारा चोर एकही आला नाही. चाबी हरवलेले गिऱ्हाईक मात्र दरवर्षी यायचे. मग कंपनीचा माणूस बोलवा, साक्षीदार उभे करा, ड्रिलनं लॉकर फोडा, खर्च गिऱ्हाइकाचा. चोर कधीमधी येते, विसर रोज येते. तू कधीमधीची तयारी केली, रोजचीच राहिली.

ताई : ठीक. मग तुमच्याच बँकेतलं विचारते. तिजोरीच्या चाब्या किती जणांकडे असायच्या?

काकाजी : दोघांजवळ. एक माह्याजवळ, दुसरी अधिकाऱ्याजवळ. दोघं असल्याशिवाय तिजोरी उघडायचीच नाही.

ताई : दोन्ही चाब्या एकाच माणसाकडे ठेवल्या तर?

काकाजी : सस्पेंड! त्याच दिवशी.

ताई : मग ऐका. पासवर्ड ही एक किल्ली, ती डोक्यात. ॲपमधला कोड दुसरी, ती मोबाईलमध्ये. २०१० मध्ये गूगलनं हे ऑथेंटिकेटर आणलं. किती तरी वर्षं त्यात बॅकअप नव्हता, मोबाईल गेला की सगळं गेलं. लोक ओरडत होते. २०२० मध्ये एका मोबाईलवरून दुसऱ्यावर खाती नेण्याची सोय आली, पण त्याला जुना मोबाईल हातात लागतो. शेवटी एप्रिल २०२३ मध्ये गूगल खात्यात प्रत ठेवायची सोय केली. सगळे खूश. चारच महिन्यांत, ऑगस्टमध्ये, अमेरिकेतल्या रीटूल नावाच्या कंपनीत काय झालं? एका कर्मचाऱ्याला खोटा एसएमएस आला, त्यानं खोट्या पानावर लॉगिन केलं, मग आयटी विभागातून बोलतो असं सांगणाऱ्याचा फोन आला आणि त्यानं आणखी एक कोड सांगून टाकला. चोर त्याच्या गूगल खात्यात शिरला. तिथं ऑथेंटिकेटरची प्रत तयारच होती! कंपनीच्या आतल्या दारांचे कोड फुकटात मिळाले. कंपनीच्या सत्तावीस ग्राहकांच्या खात्यांना झळ बसली. दुसरी किल्ली पहिलीच्याच खिशात आली होती, काकाजी. तुमच्या भाषेत सस्पेंड.

काकाजी थोडा वेळ गप्प बसले. पान लावलं. मला वाटलं, हरले.

काकाजी : तुह्या गोष्टीत दम आहे. पण तू मले अर्धाच नियम विचारला. दोन चाब्या दोघांजवळ, हा अर्धा. दुसरा अर्धा असा, का दोन्हीच्या डुप्लिकेट चाब्या असतात. त्या आपल्या शाखेत ठेवायच्या नाहीत. पाकिटात घालायच्या, सील करायचं, सह्या करायच्या अन् दुसऱ्या शाखेत जमा करायच्या. त्याची नोंद रजिस्टरात. आग लागली, कॅशियर मेला, चाबी नदीत गेली, तरी बँक दुसऱ्या दिवशी उघडते. गूगलनं प्रत ठेवली हे चूक नाही. प्रत त्याच शाखेत ठेवली हे चूक.

मला वाटतं, त्या संध्याकाळी वाद इथं वळला. तोवर प्रत असावी की नसावी यावर दोघं भांडत होते. यापुढे ती कुठं असावी यावर भांडू लागले. आणि याच ठिकाणी मला माझी खरी चूक सांगावी लागली.

मी : प्रत होती माझ्याकडे. ईमेलला दुसरी पायरी लावली तेव्हा गूगलनं दहा बॅकअप कोड दिले होते. मी त्याचा फोटो काढून ठेवला होता.

ताई : मग अडलं कुठं? कुठं आहे फोटो?

मी : गूगल ड्राइव्हवर.

ताईनं कपाळावर हात मारला. काकाजींना आधी कळलं नाही. कळलं तेव्हा पानासकट ठसका लागला.

काकाजी : कपाटाची चाबी कपाटात ठेवून वरून कुलूप लावलं याने!

ताई : हसू नका, निम्मी दुनिया हेच करते. पण ऐक रे, त्या दहा कोडांचा नियम समजून घे. प्रत्येक कोड आठ आकडी, एकदाच चालतो. नवी यादी काढली की जुनी सगळी रद्द. ही यादी मोबाईल, सिम, ॲप कशावरच अवलंबून नाही, म्हणून ती कागदावरच शोभते. गिटहबवर प्रोग्राम लिहिणाऱ्यांना असे सोळा कोड मिळतात, आणि कंपनी स्पष्ट सांगते, दुसरी पायरीही गेली आणि हे कोडही गेले तर आम्ही खातं परत देऊ शकत नाही.

काकाजी : असं कसं नाही देऊ शकत? मालक तर तोच आहे ना.

ताई : आहे, पण सिद्ध कसं करणार? इथंच फरक आहे. ज्या खात्यामागं तुमची ओळख कागदावर आहे, त्याला खिडकी असते. बँक, शेअर दलाल, यांच्याकडे पॅन आहे, केवायसी आहे. अर्ज करा, ओळख पटवा, ते दुसरी पायरी नव्यानं लावून देतात. ज्याच्यामागं नुसतं एक टोपणनाव आहे, तिथं खिडकीच नाही. (माझ्याकडे वळून) मालाच्या ट्रकबरोबर लागणाऱ्या त्या ई-वे बिलाचं काय झालं?

मी : ते अडलं नाही. १ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिलाच्या लॉगिनला सगळ्यांनाच दुसरी पायरी सक्तीची झाली, पण तिथं तीन वाटा आहेत. एसएमएस, संदेस ॲप, नाही तर एनआयसी-जीएसटी-शील्ड. शील्ड विहिरीत गेलं, पण सिमवर एसएमएस सुरू झाले आणि काम निघालं. गाठींचा ट्रक तेवढा एक दिवस उभा राहिला.

काकाजी : पाहा बाई! सरकारनं तीन दारं ठेवली, म्हणून याचा ट्रक निघाला. तू एकच ठेवलं.

ताई : सगळ्यात कच्चं दार जितकं मजबूत, घर तितकंच मजबूत, काकाजी. तीन दारं म्हणजे चोरालाही तीन.

काकाजी : अन् एक दार म्हणजे घरच्यालेही एकच.

यावर दोघांचं जमलं नाही, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर माझंही मत अजून पक्कं झालेलं नाही. पण ताईचा एक प्रश्न कामाला आला.

ताई : तुझं ईमेल याआधी आणखी कुठं उघडलेलं आहे का? ऑफिसचा संगणक, जुना लॅपटॉप, टॅब? हरवल्यावर पहिली धाव तिकडे घ्यायची. आणि लक्षात ठेव, घाबरून तिथून लॉगआऊट करायचं नाही.

ऑफिसच्या जुन्या संगणकावर ईमेल उघडं होतं. त्यावर कधी तरी 'या संगणकावर पुन्हा विचारू नका' अशी खूण करून ठेवलेली होती. पासवर्ड विचारला, आत गेलो. ताईनं फोनवरून सांगितलं तसं केलं. आधी ॲपची जुनी जोडणी काढून टाकली, म्हणजे विहिरीतलं पंचांग बाद झालं. मग नव्या मोबाईलवर नवा क्यूआर स्कॅन केला. मग बॅकअप कोडांची नवी यादी काढली. शेअरच्या खात्यासाठी अर्ज केला, ओळख पटवली, तेही खुलं झालं. तो संगणक मागच्याच महिन्यात भंगारात द्यायचा होता, हे काकाजींना मी अजून सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बैठक बसली. विषय आता पुढं काय करायचं हा.

काकाजी : सोपं आहे. नव्या कोडांची यादी कागदावर लिहायची अन् गोदरेजच्या कपाटात ठेवायची.

ताई : तुमच्या कपाटात? काकाजी, तुमच्या पासबुकाच्या पहिल्या पानावर एटीएमचा पिन लिहिलेला आहे. मी काल पाहिला.

काकाजी : तो... उलटा लिहिला आहे.

ताई : कागद मला मान्य आहे. पण त्या कागदावर पासवर्ड लिहायचा नाही. कोणत्या खात्याचा आहे हेही पूर्ण लिहायचं नाही. नुसते कोड सापडले तर चोराला अर्धीच किल्ली मिळाली पाहिजे. तुमचाच नियम.

काकाजी : मंजूर. अन् पाकीट या घरात नको. आत्याच्या घरी हिंगणघाटले. सील करून, सही करून, तारीख टाकून.

ताई : आणि ॲपमधल्या बाकीच्या खात्यांचं? सगळेच बॅकअप कोड देत नाहीत. तिथं क्यूआरच्या खाली 'स्कॅन करता येत नाही' असं लिहिलेलं असतं. ते दाबलं की ती गुप्त अक्षरमाळ उघडी दिसते. फक्त इंग्रजी अक्षरं आणि २ ते ७ हे आकडे. शून्य आणि ओ यांचा गोंधळ होऊ नये म्हणून शून्य मुद्दाम वगळलेलं.

काकाजी : वा! म्हणजे हाताने लिहिता येईल असंच बनवलं आहे ते.

ताई : येईल, पण मी लिहू देणार नाही. बॅकअप कोड चोरीला गेला तर नवी यादी काढून तो रद्द होतो. अक्षरमाळ चोरीला गेली तर चोर आपल्यासारखेच कोड काढत बसतो, आपल्याला पत्ताही लागत नाही. म्हणून एजिस किंवा एंटे ऑथसारखं ॲप घ्यायचं, जे सगळी खाती पासवर्डनं कुलूपबंद करून एका फाइलमध्ये काढून देतं. फाइल पेनड्राइव्हवर. आणि खाती दुसऱ्या मोबाईलवर नेण्यासाठी जो क्यूआर निघतो, त्याचा स्क्रीनशॉट कधीही ठेवायचा नाही. तो म्हणजे उघड्यावर टाकलेला चाब्यांचा जुडगा.

'चाब्यांचा' असंच म्हणाली. पुण्यात ती 'किल्ली' म्हणते.

काकाजी : अन् त्या फाइलीचा पासवर्ड विसरला तं?

ताई : तर फाइल गेली. कंपनीलाही उघडता येत नाही, हीच तर तिची खूबी.

काकाजी : म्हणजे पुन्हा गिरडचे नारळ. माह्या मते कागदच बरा. अक्षरमाळही लिही, पाकिटात घाल.

ताई : माझ्या मते नाही.

काकाजी : बरं, राहू दे. आता तुलेच एक विचारतो. तुही फाइल आहे ना? कधी उघडून पाहिली?

ताई : म्हणजे? दर महिन्याला आपोआप तयार होते.

काकाजी : तयार होते हे नाही विचारलं. उघडून पाहिली का? आमच्या डुप्लिकेट चाब्या ठरावीक काळानं परत आणायचो, कुलपात फिरवून पाहायचो, मगच पुन्हा सील. गंजलेली चाबी पाकिटात असली तं ती चाबी नाही, लोखंड आहे.

ताई उठून आत गेली. पंधरा-वीस मिनिटांनी बाहेर आली. जुन्या मोबाईलवर तिनं आपली फाइल उघडायचा प्रयत्न केला होता. पासवर्ड तिसऱ्या खेपेला जुळला. आणि आत दोन खाती कमी होती, गेल्या वर्षी जोडलेली.

ताई : दोन खाती दुसऱ्याच ॲपमध्ये होती. मला वाटत होतं, सगळी एकाच ठिकाणी आहेत.

काकाजी : वाटणं रजिस्टरात लिहिता येत नाही, बाई. अन् तुले उद्या काही झालं, तं तुह्या आईबापाले यातलं काय उघडता येईल?

ताई : गूगलमध्ये सोय आहे. खातं ठरलेल्या मुदतीपर्यंत वापरलं नाही, तर आपण नेमलेल्या माणसांना कळवतात, दहा जणांपर्यंत. २०१३ पासून आहे.

काकाजी : तू नेमलं कोणाले?

ताईनं मोबाईल काढला आणि त्याच वेळी नेमलं. कुणाला, ते सांगितलं नाही.

हा प्रश्न आमच्या घरापुरता नाही. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२५ मध्ये जे निर्देश काढले, त्यांची अंमलबजावणी १ एप्रिल २०२६ पासूनची. पैशाच्या व्यवहारात एसएमएसच्या ओटीपीशिवाय दुसऱ्या पायऱ्यांनाही त्यांत वाट मोकळी आहे. म्हणजे समुद्रपुरातल्या किराणा दुकानदारालाही उद्या अशी कुलपं लागू शकतात. ताईचं म्हणणं मला पटलं की दुसरी चाबी पहिलीच्या खिशात नको. काकाजींचं पटलं की डुप्लिकेट चाबी कुलूप लावायच्या दिवशीच करायची असते, हरवल्यावर नाही. अक्षरमाळ कागदावर लिहावी की नाही यावर दोघं आजही अडून आहेत.

माझं पाकीट हिंगणघाटला आत्याच्या घरी आहे. त्यावर सील केल्याची तारीख आहे आणि त्याखाली काकाजींनी एक ओळ रिकामी आखून दिली आहे, उघडून पाहिल्याची तारीख लिहायला. येत्या संक्रांतीला तिळगूळ घेऊन जाईन तेव्हा पाकीट फोडून एक कोड वापरून पाहणार आहे.

वाचकहो, तुमच्या मोबाईलमधलं ते ॲप आज उघडा आणि आतली खाती मोजा. एकेका खात्यावर बोट ठेवून विचारा, हा मोबाईल या क्षणी विहिरीत पडला तर यात मी कुठून शिरेन? ज्या खात्याचं उत्तर लगेच देता येणार नाही, त्याची डुप्लिकेट चाबी आज रात्री झोपण्याआधी करा. मोबाईल हातात आहे तोवरच ती करता येते.